वीर घरी गेला

पौषातल्या सकाळी जुन्नरच्या जुन्या सराईत पूर्वेकडच्या कमानीतून ऊन आत येई. ते आधी फरशीवर सांडे, मग विष्णूच्या भग्न पावलांवर चढे, आणि मूर्तीच्या मिटल्या पापण्यांपाशी पोचायच्या सुमाराला कुमुदताई तिथे वाकून उभ्या असत. हातात मऊ केसांचा कुंचला, पदर कमरेला खोचलेला, आणि ओठांतून निघणारी एक लांब, सावकाश फुंकर. रात्रभरात पापण्यांवर उतरलेली धूळ त्या फुंकरीने उठे, उन्हात क्षणभर तरंगे, आणि दुसऱ्या कुठल्या तरी मूर्तीच्या खांद्यावर जाऊन बसे. त्या सराईत त्या वेळी दुसरा आवाज नसायचा. आजही कुमुदताई म्हटलं की मला आधी ती फुंकर ऐकू येते, चेहरा नंतर दिसतो.

ही सराई निजामशाहीच्या काळातली. नाणेघाटाने चढउतार करणाऱ्या व्यापाऱ्यांनी रात्र काढावी म्हणून काळ्या दगडात बांधलेली, बसक्या घुमटांची, जाड भिंतींची. पुढे तिथे धान्य साठवलं गेलं, मग सरकारी सामान, मग नुसतीच वटवाघळं. आणि अखेर गावातल्या काही हौशी मंडळींनी न्यास स्थापून तिथे मध्ययुगीन शिल्पांचं संग्रहालय मांडलं. शेतात नांगराला लागलेल्या, विहिरीच्या गाळात सापडलेल्या, पडक्या देवळांच्या ढिगाऱ्यात उताण्या पडलेल्या मूर्ती तिथे आल्या. फारसी अक्षरांच्या शिळा आल्या, सतीशिळा आल्या, नुसतेच हात आणि नुसत्याच मुद्रा आल्या. ज्या ओवऱ्यांत माणसं एका रात्रीपुरती थांबत, तिथे दगड कायमचे मुक्कामाला आले. त्यांची देखभाल करायला, मूर्तिशास्त्राची पदवी घेऊन पुण्याहून आलेल्या कुमुदताई तरुणपणी इथे रुजू झाल्या, आणि सराईच्या मागच्या दोन खोल्यांत आपल्या आईला घेऊन राहू लागल्या.

मी जुन्नरला आले तेव्हा त्यांची आई जाऊन बराच काळ लोटला होता. मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवण्याची माझी पहिलीच नोकरी. गावात ओळखीचं कुणी नाही, आणि रविवारची दुपार तर अशी पसरे की तिला काठच सापडू नये. अशाच एका रविवारी वही-पेन्सिल घेऊन मी सराईत शिरले आणि एका सुरसुंदरीच्या तुटक्या मूर्तीसमोर बैठक मारली. तासाभराने पाठीमागून कुणीतरी पाण्याचा तांब्या ठेवून गेलं. वळून पाहिलं तर करड्या केसांच्या, उंच, किंचित वाकलेल्या एक बाई परत चालल्या होत्या. पुढच्या रविवारी त्यांनी तांब्यासोबत स्वतःसाठी एक स्टूलही आणलं. आमची मैत्री अशी, जवळजवळ न बोलता, सुरू झाली.

गावातले लोक म्हणत, त्या बाई मूर्तींशी बोलतात. मी कधी ऐकलं नाही. त्या मूर्तींशेजारी गप्प बसत, एवढं मात्र खरं. त्यांचं गप्प बसणंही भरलेलं असे, झाकण ठेवलेल्या हंड्यासारखं. जेवायच्या वेळी त्या सराईच्या पायरीवर डबा उघडत आणि समोर शिवनेरीकडे पाहत जेवत. गडावर जाणाऱ्या सहली रस्त्यावरून पुढे निघून जात. क्वचित एखाद्या शाळेची गाडी इकडे वळे, मुलं कमानींत ओरडून आपलाच प्रतिध्वनी ऐकत आणि निघून जात. मग कुमुदताई एकेका कोपऱ्यात जाऊन चॉकलेटचे कागद उचलत. पुण्याला त्यांचा धाकटा भाऊ होता, भाचरं होती. सणाला त्यांचा फोन येई. ‘हो, बरी आहे’ एवढ्यावर ते संभाषण संपे. फोन ठेवल्यावर त्या थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहत, अजून काहीतरी येणार असल्यासारख्या.

या सगळ्या पाषाणसभेत त्यांचा जीव होता तो एका वीरगळावर. लढताना पडलेल्या माणसाच्या स्मरणार्थ उभारलेली पुरुषभर उंचीची ती शिळा. सगळ्यांत खाली गाईंच्या कळपापुढे आडवा पडलेला वीर, मधल्या पट्टीत त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेणाऱ्या अप्सरा, त्याच्यावर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच वीर, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. असे वीरगळ आपल्याकडे गावोगावी आहेत. पण याचा घडवणारा निराळा होता. खाली पडलेल्या त्या वीराच्या चेहऱ्यावर त्याने वेदना कोरली नव्हती. नवल कोरलं होतं. भुवया किंचित उंचावलेल्या, ओठ विलग, जणू मरण म्हणजे इतकंच, असं त्याला नुकतंच कळलं आहे. कुमुदताई त्या शिळेवर एक प्रबंध लिहीत होत्या; कितीतरी वर्षं लिहीतच होत्या. नगर-कल्याण रस्ता रुंद झाला तेव्हा पिंपरी पेंढारच्या शिवारातून ती शिळा इथे आली होती, यंत्राच्या दातांतून थोडक्यात वाचून.

ती येण्याआधी तिला एक घर होतं, हे सराईत कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. ते ध्यानात आणून दिलं ठकूबाईंनी.

ही हकिकत मी यायच्या आधीची, कुमुदताईंनीच सांगितलेली. माघातल्या पौर्णिमेला पिंपरी पेंढारच्या एका धनगरवस्तीवरून एक सावळी, काटक म्हातारी ओतूरला गाडी बदलून जुन्नरला आली आणि विचारत विचारत सराईत पोचली. काखेत गाठोडं; त्यात नारळ, भंडारा, तेलाची बाटली, शेंदराची पुडी. वीरगळापुढे बसून तिने पुडी सोडली तेव्हा कुमुदताई धावत गेल्या आणि त्यांनी तिचा हात धरला. इथे तेल, शेंदूर चालत नाही, कोरीवकाम बुजून जातं, हे त्यांनी समजावून सांगितलं. ठकूबाई भांडल्या नाहीत. हा आपल्या सासरघरचा थोरला वीर, सासऱ्याच्याही आज्यापणज्याच्या आधीचा, मेंढरं घेऊन कोकणात उतरण्याआधी सगळी घरं त्याला विचारून निघत, एवढंच त्यांनी सांगितलं. मग पुडी पुन्हा गाठोड्यात बांधली, बाहेर पायरीवर जाऊन बसल्या, आणि दिवस कलेपर्यंत तिथेच बसून राहिल्या. शेवटी कुमुदताई बाहेर आल्या. त्यांनी तिला आत नेलं, नारळ शिळेच्या पायाशी ठेवू दिला, भंडाऱ्याची चिमूट फरशीवर वाहू दिली. त्याच्या अंगाला मात्र हात लावू दिला नाही.

त्यानंतर दरवर्षी माघी पौर्णिमेला ठकूबाई येत राहिल्या, आणि मी जुन्नरला आल्यापासून तो दिवस मीही पाहत आले. आदल्या दिवशी कुमुदताई वीरगळ दोनदा पुसत. त्या दिवशी नेहमीच्या सुती पातळाऐवजी आईची जांभळ्या काठाची साडी नेसत. गाडीच्या वेळेला काहीतरी निमित्त काढून फाटकापाशी जात. मग त्या दोघी वीरगळासमोर फरशीवर बसत. ठकूबाईंच्या फडक्यातली बाजरीची भाकरी आणि कुमुदताईंच्या डब्यातली पोळी एकाच ताटलीत येई. ठकूबाई बोलत राहत: कुणाची मेंढी व्याली, कुणी मेंढरं विकून टोमॅटो लावला, कुणाच्या कुत्र्याला बिबट्याने नेलं. ऊसतोडीच्या दिवसांत बिबटे मोकळे हिंडत, म्हणून दिवे लागायच्या आत त्यांना घर गाठावं लागे. त्या निघाल्या की कुमुदताई कमानीतून त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहत उभ्या राहत. संग्रहालयात माणसं येत ती काहीतरी बघायला. कुणाला तरी भेटायला येणारी ठकूबाई एकटीच होती. आणि त्या वीराला भेटता भेटता ती कुमुदताईंनाही भेटून जाई.

एका माघात पौर्णिमा आली आणि ठकूबाई आल्या नाहीत. जांभळ्या काठाची साडी नेसून कुमुदताई शेवटच्या गाडीपर्यंत फाटकात उभ्या होत्या. मी त्यांना आत चला म्हटलं, तेव्हा त्या वाऱ्याचं निमित्त सांगून डोळे पुसत आल्या. आठवड्याभराने ठकूबाईंचा मुलगा खंडू आला. चाळिशीचा, दणकट, बाहेर त्याची पिकअप गाडी उभी. तो बराच वेळ चपला काढून उंबऱ्यातच थांबला. आई गोठ्यात पडली, कमरेचं हाड मोडलं, आता बाजेवरून उठणं नाही, असं त्याने सांगितलं. मग मान खाली घालून म्हणाला, “बाई, ती एकच धरून बसलीया. म्हणती, माझा वीर लोकाच्या दारात हाय. त्यो घरी आला म्हंजी मी जायला मोकळी. आमी लई समजावलं तिला. पन न्हाई ऐकत.”

कुमुदताईंनी त्याला पाणी दिलं. हे आपल्या एकटीच्या हातात नाही, न्यासाला विचारावं लागेल, असं सांगून त्याला परत पाठवलं. तो गेल्यावर त्या विष्णूपासून सतीशिळेपर्यंत आणि सतीशिळेपासून विष्णूपर्यंत नुसत्या फिरत राहिल्या. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला उघड दिसत होतं. वीर परत गेला तर तेलशेंदराच्या पुटांखाली तो चेहरा दोन-चार वर्षांत कायमचा बुजेल. तो प्रबंध, इतक्या वर्षांची ती कोमल राखण, सगळं एका बाजूला. आणि दुसऱ्या बाजूला बाजेवर पडलेली एक म्हातारी, जी यापुढे कधीच फाटकातून येणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला वीरगळाचं चित्र काढायला सांगितलं. फोटो होते, पण त्यांना हाताने काढलेलं हवं होतं. शाळा सुटल्यावर मी रोज जाऊन बसू लागले आणि त्या माझ्या शेजारी बसून पाहत राहिल्या. एका संध्याकाळी ऊन तिरकं झालं आणि त्या पडलेल्या चेहऱ्यावरची प्रत्येक रेघ सावलीने उचलली गेली, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, “रेवती, मी याला इतकी वर्षं शिळा म्हणत आले. ठकूबाईंनी एकदाही तसं म्हटलं नाही.” माझी पेन्सिल थांबली. तेवढ्यावरून मला कळलं की त्यांचं ठरलं आहे.

न्यासाच्या बैठकीला माझी चित्रं दाखवायला म्हणून त्यांनी मलाही नेलं. विश्वस्त मंडळी सज्जन होती, पण चिंतेत पडली. एक दिला की उद्या गावोगावचे लोक येऊन आपापले दगड मागतील, मग सराईत राहील काय, हा त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. आयुष्यात कधी आवाज न चढवलेल्या कुमुदताई त्या दिवशीही सावकाशच बोलल्या. आपण हा वीर सांभाळायला आणला होता, तो सांभाळला. ज्यांचा आहे ते घ्यायला आले आहेत, तर आता आपलं काम झालं, असं त्या म्हणाल्या. पुष्कळ वाटाघाटी झाल्या आणि अखेरीस मंडळींनी मान डोलावली. अट एकच घातली: वीरगळाला तेल-शेंदूर लावायचा नाही, आणि ही अट पाळली जाते की नाही हे कुमुदताईंनी पाहायचं. त्यांनी कबूल केलं. खंडूनेही केलं.

फाल्गुन लागला होता. पिकअपमध्ये कडबा आणि पोती पसरून वस्तीवरच्या तरुणांनी वीरगळ अलगद आडवा निजवला. कुमुदताई पुढे खंडूशेजारी बसल्या, त्यांच्याशेजारी मी. दोन्ही बाजूंना काढणीला आलेला कांदा, मध्येच तोडलेल्या उसाचे उघडे, खरबरीत पट्टे, आणि वर पांढरं पडत चाललेलं आकाश. खड्डा आला की कुमुदताई मागच्या काचेतून वळून पाहत. एरवी सगळा रस्ता त्यांचे हात मांडीवर असे पालथे पडलेले होते, काही सोडून दिल्यावर पडतात तसे.

वस्तीवर लिंबाखाली चौथरा तयार होता. वीर उभा राहिला तेव्हा बायकांनी पाणी ओतलं, मेंढरं बें-बें करू लागली, कुणीतरी ढोलावर दोन थापा टाकल्या आणि थांबला. ठकूबाईंना बाजेसकट उचलून समोर आणलं. त्या इतक्या आटल्या होत्या की गोधडीखाली कुणी आहे असं वाटेना. डोळे मात्र उघडे, थेट वीरावर लागलेले. सुनेने सवयीने वाटी पुढे आणली. वाटीत तेलात कालवलेला शेंदूर होता. खंडूने तिला डोळ्यांनी खुणावलं. ती गोंधळून जागीच उभी राहिली, आणि सगळी वस्ती कुमुदताईंकडे पाहू लागली.

ठकूबाईंनी गोधडीतून हात काढला. तो वाटीच्या दिशेने थोडा गेला आणि परत खाली पडला. मग त्या कुमुदताईंकडे बघून म्हणाल्या, “बाई, तुमीच लावा. माझा हात न्हाई पोचत.”

कुमुदताई हलल्या नाहीत. लिंबाची सावली त्यांच्या चेहऱ्यावर हलत होती, एवढीच काय ती हालचाल. मग त्या पुढे झाल्या आणि त्यांनी सुनेच्या हातातून वाटी घेतली. वीरासमोर गुडघ्यांवर बसल्या, आणि ज्या चेहऱ्यावर त्यांनी कधी धूळही टिकू दिली नव्हती, त्या चेहऱ्यावर आपल्या बोटांनी शेंदूर लावला. आधी कपाळाला, मग उंचावलेल्या भुवयांवर, मग त्या विलग ओठांवर. घाई केली नाही, काही वगळलं नाही. चेहरा केशरी झाला आणि त्यावरचं नवल हळूहळू आत बुडत गेलं. मागून ठकूबाईंचा श्वास ऐकू आला, फार चाललेलं माणूस खाली बसताना सोडतं तसा. कुमुदताई उठून बाजेपाशी आल्या आणि त्यांनी आपला शेंदराने माखलेला हात ठकूबाईंच्या हातात दिला. त्या दोघी किती वेळ तशा होत्या कोण जाणे. मी वस्तीबाहेर पाहत राहिले. मला तिथे असण्याचा हक्क नाही असं वाटत होतं.

त्याच आठवड्यात ठकूबाई गेल्या. अट आपणच मोडली, हे कुमुदताईंनी न्यासाच्या मंडळींना स्वतः जाऊन सांगितलं. कुणी रागावलं नाही. वय झालं, आता विश्रांती घ्यावी, असं सगळ्यांनी सौम्यपणे सुचवलं. शाल आणि श्रीफळ दिलं. आणि उन्हाळ्याच्या अखेरीस त्या मागच्या दोन खोल्या रिकाम्या करून भावाकडे पुण्याला गेल्या. प्रबंधाचे कागद आणि माझी चित्रं त्यांनी संग्रहालयालाच दिली. निघताना त्यांनी ओवऱ्यांकडे वळून पाहिलं नाही. मला म्हणाल्या, “येत जा इथे. कुणीतरी असावं.”

मी जात राहिले. नवे क्युरेटर तरुण आहेत, उत्साही आहेत. त्यांनी दिवे लावले, मराठी-इंग्रजी फलक लावले, आणि वीरगळाच्या रिकाम्या जागी एक मोठा फोटो टांगला. सुटीत मी पुण्याला कुमुदताईंकडे जाई. तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत त्या बसलेल्या असत. भावाच्या घरात त्यांना काही कमी नव्हतं. नेमाने औषध मिळे, चहा मिळे, कुणी रागावत नसे. पण भिंतीला टेकवून ठेवलेल्या पाहुण्याच्या बॅगेसारख्या त्या तिथे दिसत. जुन्नरच्या माणसांविषयी फारसं विचारत नसत. कमानीतून ऊन आता कुठपर्यंत येतं, हे मात्र विचारत. मी आपली समजूत करून घेतली होती की त्यांच्या त्या एकाकी आयुष्यात जुन्नरचा म्हणावा असा एकच धागा उरला आहे, आणि तो मी आहे.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी त्या झोपेतच गेल्या. मला दुसऱ्या दिवशी कळलं.

माघ आला तेव्हा वस्तीवर हे सांगायला हवं असं वाटून मी पौर्णिमेला पिंपरी पेंढारला गेले. लिंबाखाली वीर उभा होता; शेंदराच्या जाड पुटाखाली आता भुवया नाहीत, ओठ नाहीत, फक्त एक गुळगुळीत केशरी उंचवटा. खंडूची बायको मला पाहून लगबगीने आली, माझ्या पाठीमागे रस्त्याकडे पाहिलं आणि विचारलं, “बाई मागून येत्यात का? भाकरी टाकल्याती त्यांच्यासाठनं.”

मला नीटसं कळेना. मग तिने सांगितलं ते असं: ठकूबाई गेल्यापासून दर माघी पौर्णिमेला कुमुदताई पुण्याहून एकट्या येत. आळेफाट्याला उतरून दुसऱ्या गाडीने वस्तीवर पोचत. जांभळ्या काठाची साडी नेसलेली असे. वीराला शेंदूर लावत, बाजरीची भाकरी खात, आणि दुपारभर लिंबाखाली बसून राहत. गेल्या वर्षी तर चालवत नव्हतं, म्हणून खंडूने फाट्यावरून गाडीने आणलं. दिवे लागायच्या आत परत निघत.

जुन्नर तिथून तासाभराच्या वाटेवर. त्या दिवशी मी शाळेत असायची, किंवा सराईच्या पायरीवर वही घेऊन बसलेली. मला त्यांनी कधी कळवलं नाही, बाल्कनीत बसून माझ्याशी इतकं बोलल्या त्यातही कधी सांगितलं नाही. क्षणभर मनात काहीतरी टोचलं. मग मी त्या चौथऱ्याच्या कडेला बसले आणि त्या गेल्याचं सांगितलं. खंडूच्या बायकोने डोळ्यांना पदर लावला, आत गेली, आणि त्यांच्यासाठी केलेली भाकरी ताटलीत घालून माझ्यापुढे ठेवली. मी ती खाल्ली. समोरच्या रानात कांदा काढणाऱ्या बायका ओळीने वाकल्या होत्या, वारा कोरडा होता, आणि दुपार फार हळू सरकत होती.

त्या आता नाहीत, हे दुःख एव्हाना माझ्या ओळखीचं झालं होतं. पण त्यांच्या त्या साऱ्या माघी दुपारींत मी नव्हते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि गेलेलं माणूस आठवणीत पुन्हा पुन्हा परत येत असलं तरी त्याच्या ज्या दुपारींत आपण कधी नव्हतोच, त्या काळ कुणालाच परत देत नाही.